पंधरातली चौथी

तोर्सहावनच्या धक्क्यामागे माझं दुकान,
चित्रांना चौकटी करून देण्याचं.
आतल्या खोलीत सपाट खण, त्यांत छायाचित्रं,
पातळ कागदाची पांघरुणं घेऊन निजलेली.
लोक येतात ते आधी सोफ्याचा रंग सांगतात.
मी ऐकून घेते. सोफा पाच वर्षांत बदलतो
हे काही सांगत नाही.

सोलरून मापं घेऊन आली:
भिंत तीन मीटर, समोर खिडकी, खिडकीत समुद्र.
आणि तिला समुद्रच हवा होता,
करडा, मोठा, काठ नसलेला.
होग्नी ट्रॉलरवर. सहा आठवडे तिकडे, दोन इकडे.
"तो कुठे आहे ते दिसत राहील," म्हणाली,
प्रिंटवरून हात फिरवला, बोट न टेकवता,
जणू पाणी अजून ओलं असावं.

मी म्हटलं, खिडकीसमोर काच टांगलीस
तर काचेत खिडकी येऊन बसेल.
समुद्रावर समुद्र,
आणि मधोमध तुझंच डोकं, कॉफीच्या कपासकट.
घरी जा, याच मापाचं वर्तमानपत्र कापून
भिंतीला चिकटव. आठवडाभर बघ.
दिवा लावून बघ,
भांडी घासून कंबर धरली की बघ.
चित्राकडे बघणं सोपं गं,
त्याच्यासमोरून हजारदा जायचं असतं.

आठवड्यानं दोघं आली.
होग्नीची दाढी ताजी काढलेली,
गालाला सवय नव्हती उजेडाची.
समुद्राचा खण त्यानं उघडूच दिला नाही.
"रजेत पाणी नको."
तिनं हातमोजे घातले, काढले, पुन्हा घातले.

तो झाडांपाशी थांबला.
आमच्या बेटांवर झाडं कुठली,
म्हणून तर माझ्याकडे तीच जास्त खपतात:
फिनलंडचे बर्च, ओळीनं, बर्फात.
"हे तुरुंगाचे गज," ती म्हणाली.
"आणि तुझा तो समुद्र?"
मग दोघंही माझ्याकडे बघू लागली,
भिंत जशी काही माझीच.

तिसरा खण अडकतो, लाकूड फुगलंय.
गुडघा लावून ओढला.
आत बियार्ताचं काम. ती आता फोटो काढत नाही,
मेंढ्या राखते, विचारलं तर हसते.
कापसाचा जाड कागद, आणि काळा रंग असा
की तव्याच्या पाठीवरून खरवडून आणलेला.
एक स्वयंपाकघर. शेगडीवर किटली.
खिडकी वाफेनं आंधळी झालेली,
कोपऱ्यात कुणीतरी बोटांनी
वाटीएवढा गोल पुसून बाहेर डोकावलंय.
गोलात नुसतं पांढरं.
पाणी असेल, धुकं असेल,
वाळत घातलेली चादर असेल.

किंमत विचारीपर्यंत कुणी बोललं नाही.
ती ऐकून होग्नीनं शीळ घातली.
मग खाली वाकून पेन्सिलीतलं वाचलं: ४/१५.
"बाकीच्या चौदा?"
दोन माझ्याकडे, एक बँकेत,
एक नूकमधल्या दाताच्या डॉक्टरकडे.
उरलेल्या कुठल्या भिंतींवर, देव जाणे.

ओकची बारीक पट्टी, न चमकणारी काच.
खिळा ठोकायला मीच गेले.
मोठ्या भिंतीवर नाही लागलं ते चित्र.
तिथे अजून वर्तमानपत्रच आहे, पिवळं पडत चाललेलं,
मासळीचे भाव, कुणाच्या तरी लग्नाची बातमी.
त्याची सवय झाली म्हणे.
चित्र लागलं बोळात, बुटांच्या वर,
जिथे ऊन पोचत नाही
आणि जिथून तो निघतो.

काल पाव घेताना सोलरून भेटली.
"तो गेला की मी त्या गोलावर बाही घासते,"
म्हणाली, "उगाच. काच खराब होईल का?"
होणार नाही, म्हटलं.
"आणि तो फोनवर विचारतो,
आवाज तुटत असतो, मागे यंत्र धडधडतं,
माझं, मुलीचं विचारून झालं की विचारतो:
त्या डॉक्टरनं कुठे लावलीय गं,
खुर्चीत आडवं पडल्यावर दिसते का?"